न मांडायचा चहा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा गंज आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या लाखनीकडे पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडाला चढतो तो गंज मी नव्हे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही.

धुरपताच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. माझ्या काठावर तिचे नाव कोरलेले आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे शेतात, राबणाऱ्या सगळ्या बायांचा चहा माझ्यातच व्हायचा. त्या वाखाणायच्या आणि मी चुलीवर मनातल्या मनात फुलायचो.

पुढे धुरपताच्या नवऱ्याला, इश्वरला, मधुमेह झाला. नागपूरला नोकरी करणाऱ्या लेकीने, कामिनीने, हिरव्या चहाची पत्ती पाठवली. फोनवर म्हणाली, "आई, दुधासाखरेचा बंद कर. बाबाले हाच मांडून देत जा."

आमच्याकडे चहा करत नाहीत, मांडतात. धुरपताने मला गॅसवर मांडले, पत्ती टाकली आणि नेहमीसारखा चहा खळाखळा उकळू दिला.

इश्वरने घोट घेऊन तोंड वाकडे केले. "काहून वो, कोणता राग काढून राहिली माह्यावर?"

"पोरीनं पाठवला जी. गुपचूप प्या."

"कडुनिंब त दारातच होता. नागपूरवरून कायले बोलावला?"

ती हसली. पण रोज अर्धा पेला मोरीत जाऊ लागला, तसे तिचे हसू मावळले. एक दिवस तिने रस्त्यावरच्या दुकानातून हिरव्या चहाची बाटली आणली. वर टवटवीत पान छापलेले. इश्वरने ती एका दमात संपवली.

"असा पायजे! शुगरवाल्यालेही गोड!"

त्या दिवसापासून बाटल्या येत राहिल्या आणि मी फळीवर पालथा पडलो. बाटलीमागे बारीक इंग्रजीत साखर लिहिली होती. धुरपताला ती वाचता आली नाही. नवरा आवडीने पितो, एवढेच तिला दिसत होते.

धानकापणीनंतर इश्वरच्या पायात धसकट घुसले. जखम भरेना. साखर फार वाढली आहे, असे भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले. तो घरी परतला नाही.

त्याचे दिवसकार्य झाल्यावर कामिनीने मला फळीवरून काढले. पाणी उकळले, मला खाली उतरवले, मग पत्ती टाकून झाकण ठेवले. ताज्या पत्तीतून शरीराची झीज रोखणारी अँटिऑक्सिडंट्स पाण्यात उतरतात, बाटलीत राहून राहून ती कमी होतात, असे ती सांगत होती. धुरपताने घोट घेतला आणि ती थांबली.

"हा त कडू नाही."

"हा मांडाचा नसते, आई. पानी उतरवून मंग पत्ती."

"तूच त म्हणली होती, मांडून देत जा."

कामिनीचा हात माझ्या काठावर तसाच राहिला.

मित्रांनो, हिरवा चहा औषध नव्हे. त्याने इश्वर वाचला असता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण बाटलीवरचे पान पाहून भुलू नका, मागचे वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. आणि आपल्या माणसाला काही सांगाल, तर शेवटपर्यंत सांगा.

शेजारची रंभाबाई अजूनही येते. "चहा मांडू का वो?" विचारते. धुरपता मला पालथे घालते.