बांगड्यातलं अर्धं पुस्तक

मी मिठबावातल्या गुरुदासांच्या घरातला कॉम्प्युटर बोलतोय. अंगावर विणलेला रुमाल आहे, म्हणून आवाज दबका येईल. खरं तर लाजेनेच.

मुंबईच्या एका कचेरीत राबलो, नवे आले तसा निकामी ठरलो. २००६ साली तिथल्याच परशुरामकाकांनी मला गावी भावाकडे, गुरुदासांकडे पाठवलं. गुरुदासांनी हळदकुंकू लावलं आणि झाकून ठेवलं. पाहुणे आले की रुमाल उचलायचा आणि सांगायचं, आमचो किरण कॉम्प्युटरचा शिकता. किरण तेव्हा कणकवलीचं कॉलेज सोडून घरी बसला होता, हे सगळ्या वाडीला माहीत. खोटं बाप बोलायचा, मान पोराने खाली घालायची.

दुपारी सगळे आडवे झाले की किरण मला उघडायचा. कणकवलीच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर पुस्तकं आणायचा. नुसता पसारा असायचा. नावांच्या जागी आकडे, पहिली पानं गायब, एकच पुस्तक तीनदा. तो एकेकाला नाव द्यायचा, मुखपृष्ठ रंगवायचा, अक्षरं मोठी करायचा. मोठी कशाला, तर जानकीकाकीसाठी. ही त्याची शेजारची चुलती, बाजारात मासे विकणारी. चौथी शिकलेली, डोळे अधू.

तिला सापडावं म्हणून त्याने माशांचे कप्पे केले, वर माशाचं चित्र. रोजची हलकी पुस्तकं बांगड्यात. खेकड्यासारखी फोडायला कष्ट पडतात ती कुर्ल्यांत. जाडजूड, पावसाळ्यात पुरवून वाचायची, ती सुक्या बोंबलांत. काकी पदराला हात पुसून बसायची, ओळीखाली बोट धरून वाचायची. माझ्या काचेला खवला चिकटायचा. मला ते आवडायचं.

२००९च्या चतुर्थीला परशुरामकाका आले. आरत्या वाजवायला मला मखराशेजारी मांडलं. रुमाल काढला, तर पडद्यावर बांगडो, कुर्ली, बोंबील.

"गणपती घरात, नि ह्यां काय रे? काढ सगळा भायर." काका ओरडले.

ज्या मासळीवर या घराची कौलं चढली, तिचं चित्रही पाच दिवस चालेना. किरण म्हणाला, आत पुस्तकं आहेत. गुरुदास म्हणाले, कॉलेज सोडलेल्याने पुस्तकांचं सांगू नये. काकांनी स्वतःच बटणं दाबली. मी रीतीप्रमाणे विचारलं, नक्की ना? त्यांनी हो दाबलं. मग कचरापेटीही रिकामी केली. कचेरीतला माणूस, नीटनेटका. तेव्हा माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती.

विसर्जन झाल्यावर काकी आली. बांगड्यातलं तिचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. होडी घेऊन भावाला शोधायला निघालेल्या एका बाईचं. किरणने जमिनीकडे बघत सांगितलं की ते गेलं. पेनड्राइव्ह त्याने केव्हाच मोकळा केला होता.

काकी रागावली नाही. "जांव दे. ती घराक पोचली काय, तेवढा सांग. तू वाचलंस मां?"

किरणने त्या पुस्तकाला नाव दिलं होतं, मुखपृष्ठावर होडी काढली होती. वाचलं नव्हतं. एकही वाचलं नव्हतं.

काकीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे नुसता साफ करून ठेवलंस. खाल्लंस नाय."

त्या दिवसापासून त्याने मला उघडलेलं नाही. गुरुदास पाहुण्यांना सांगतात, मी बिघडलोय. मी बिघडलेलो नाही. पण कोणत्या तोंडाने सांगू? ते पुस्तक माझ्या पोटात होतं, शेवटच्या पानासकट. बापलेकांना नावं ठेवतोय, पण वाचलं मीही नव्हतं.

काकी अजून बाजारात बसते. तुम्ही वाचणारी माणसं आहात. पुस्तकाचं खरं नाव मला माहीत नाही, पहिली पानं आलीच नव्हती. पण होडीतली ती बाई तुम्हाला कुठे भेटली असेल, तर मिठबावात येऊन काकीला एवढंच सांगा, ती घरी पोचली का.