मिलिटरीच्या घराची वाटणी

कुर्डुवाडीत सगळे त्याला मिलिटरीचं घर म्हणत. महायुद्ध संपून छावणी मोडली, तेव्हा धर्मपालच्या वडिलांनी ते लिलावात घेतलं होतं. पत्रे, लोखंडी कमानी, खिडक्या, सगळं सुटं सुटं मालगाडीनं आलं आणि नटबोल्ट आवळून उभं राहिलं. धर्मपाल त्याच घरात जन्मला. मीनाबाईशी त्याचा संसारही तिथंच झाला. ती गेली आणि पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे गावी पोचतात न पोचतात तोच पोरांनी वाटणीचं काढलं.

"जागा मला, घर ताईला," दिपक म्हणाला. त्याला तिथं स्लॅबचा बंगला बांधायचा होता. संघप्रियालाही पटलं, जेऊरला सासरी पत्रे लागतच होते.

"आन् मी?" धर्मपालनं विचारलं.

"घर ताईचं, म्हंजे तुमी ताईकडं," दिपक म्हणाला.

"जागा सोडून आण्णांना करमंल व्हय? तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे की," संघप्रिया भावाला म्हणाली.

बोलणं तिथंच थांबलं. जेवणं झाली.

एप्रिलच्या उन्हात जावई माणसं घेऊन आला. गंजलेले बोल्ट फिरेनात, तेव्हा ग्राइंडरनं कापले. धर्मपाल आत खाटेवरच होता. ठिणग्या चादरीवर पडत होत्या.

"आण्णा, जरा सरका," लेक म्हणाली.

तो सरकला. आधी छप्पर गेलं, मग भिंती. दुपारपर्यंत जोत्यावर नुसती त्याची खाट उरली, आणि मीनाबाईच्या चुलीनं काळा पडलेला कोपरा. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. भर बाजारात कुणी धोतर फेडावं, तसं त्याला झालं.

टेम्पो भरला. तो पिशवी घेऊन मागं चढायला लागला, तशी संघप्रिया केबिनमधनं उतरली आणि त्याला दंडाला धरून खाली घेतलं.

"लोड लई झालाय, आण्णा. मागनं न्यायला येते की."

ती आली नाही. शेजारची रंभाबाई जेऊरला जाऊन आली, तिनं सांगितलं, "त्या पत्र्यात शेळ्या बांधल्यात."

दिपकची बायको भाड्याच्या खोलीत सासऱ्याला घ्यायला तयार नव्हती. त्यानं बापाची खाट बांधकामाच्या जागेवरच, सिमेंटची पोती ठेवायच्या शेडमध्ये टाकली. सकाळ-संध्याकाळ डबा यायचा, कधी राहूनही जायचा. पोत्यांच्या धुळीनं धर्मपालला खोकला जडला. रात्री कुत्री आली की तो काठी आपटायचा. हळूहळू सळया मोजून ठेवायलाही लागला.

भिंती खांद्याएवढ्या झाल्या, तेव्हा इंजिनिअर बघायला आला.

"वॉचमन बरा मिळाला हो तुम्हाला. एक सळई हलली नाही."

दिपकनं बापाकडं बघितलं, मग भिंतीकडं. "व्हय साहेब. विश्वासातला हाय."

"अहो बाबा," इंजिनिअरनं धर्मपालला हाक मारली, "भिंतींना दोन टाइम पाणी मारत जा."

"मारतो की, साहेब," धर्मपाल म्हणाला आणि पाइप शोधायला उठला.