उशिरा वाजणारे सूर

लेकीने रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. या खेपेला वाद्यांच्या यादीत बाबांचा अकॉर्डियन दिसला.

"आला एकदाचा," ती म्हणाली. सकाळपासून जाहिरातींचं मिक्सिंग करून तिचे कान बधिर झाले होते.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. उभा जन्म त्यांनी स्टुडिओत कीबोर्ड वाजवला होता. अकॉर्डियनचा हा आवाज त्यांनीच आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर, प्रोग्रॅमला जोडायचं एक प्लगइन म्हणून घडवला. पण तो कॉम्प्युटर बसला, आणि नवा प्रोग्रॅम त्या जुन्या प्लगइनला दारात उभं करेना. एका मालिकेच्या दिग्दर्शकाला मात्र शीर्षकधुनेत तोच आवाज हवा होता, आणि वाजवायलाही बाबाच. बऱ्याच दिवसांनी कुणी त्यांची आठवण काढली होती.

"केलंस काय नेमकं?"

"मध्ये रॅपर घातला, एक वेष्टन. तो बाहेर प्रोग्रॅमला सांगतो, मी तुमच्यातलाच. आणि आत प्लगइनला सांगतो, काही बदललेलं नाही, तू आपला वाज."

"म्हणजे दोन्हीकडे थापा."

"दुभाषी म्हणा हवं तर."

ते हसले आणि कीबोर्डवर वाजवू लागले. धून छोटीशी, पण भरधाव. आवाज हुबेहूब तोच, किंचित धाप लागल्यासारखा. संपायच्या आधीच त्यांनी हात उचलले.

"उशिरा वाजतंय गं."

तिने पडद्याकडे पाहिलं. रॅपर उशीर करत नव्हता. ते तिने आधीच तपासलं होतं. बाबांनी दाबलेले सूरच ठोक्यांच्या मागे पडले होते. एखादा जरासा, एखादा चांगलाच.

"रॅपरमुळे होतं तसं," ती म्हणाली. "सरकवते मी."

मान अवघडली तरी ती एकेक सूर पुढे नेत राहिली. बाबा चष्मा पुसत बसले. मग तिने धून ऐकवली. बिनचूक.

"छान," बाबा म्हणाले. "रॅपरचा उशीर सगळीकडे सारखाच असेल, नाही?"

तिचा हात माउसवर थबकला.

"हो. सारखाच."

"मग सगळे एकदम सरकवायचे. एकेक कशाला करत बसलीस? आधीच दमलीयस."

बाबांनी चष्मा चढवला, बोटं मोडली आणि हात पट्ट्यांवर ठेवले.

"पुन्हा घेऊ," ते म्हणाले. "लय जरा उतरव. रॅपरला झेपेल एवढी."