ज्या आवाजाला 'ख' येत नव्हता

सभागृहात पाचशे खुर्च्या होत्या आणि माणसं हजार तरी होती. उरलेली भिंतींना पाठ लावून, जिन्यावर, खिडक्यांत. व्यासपीठावर स्टुलावर एक पितळी सुरई, तिच्या तोंडातून निघालेली बोटभर जाडीची वाकडी नळी, आणि नळीसमोर बसलेला एक पहारेकरी. त्याच्या गळ्याला रुमाल होता. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, हे त्याच्या गल्लीतली वीस माणसं शपथेवर सांगत होती. आणि ते खरं होतं.

"नळी दाढेपाशी धरा," स्वरदाता म्हणाले. या नावाने ते स्वतःच स्वतःला हाक मारत. "श्वास रोखा. घशाला विसरा. नुसते ओठ हलवा. आवाज तुमचा कधी नव्हताच, तो विश्वाचा. तुमच्याकडे भाड्याने राहत होता, सोडून गेला. ही सुरई त्याला परत बोलावते. सुरई म्हणजे काय? सुरांची आई."

लोकांनी माना डोलावल्या. या न्यायाने चटई ही चटांची आई आणि मिठाई मिठाची, पण हे तिथे कोणाला सुचणार?

सुरईच्या पोटातून एक घुमता सूर आला. पहारेकऱ्याने ओठ हलवले आणि समोरच्या माइकमधून शब्द ऐकू आले. थोडे जडशीळ, पण स्पष्ट.

"ये बेबी. जवळ ये."

पहिल्या रांगेतून विशीची एक मुलगी उठली, दोन पावलं चालली आणि तिथेच खाली बसली. सभागृहभर हुंदके फुटले. माझ्या शेजारी बसलेल्या आत्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"बघ, शास्त्रज्ञबाई," ती म्हणाली. तिचा आवाज कोरड्या फळ्यावर खडू ओढावा तसा झाला होता. महिना झाला होता त्याला.

त्या सुरईच्या पोटात काय आहे ते हजार माणसांत तिघांनाच माहीत होतं. स्वरदाता, पडद्यामागचा त्यांचा वादक आणि मी. कारण ते पोट मी भरलं होतं.

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी ध्वनिवर्धक दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम करत होते. स्वरदाता तेव्हा ऑर्केस्ट्रात गायचे आणि मखमली कोट घालायचे. एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, "हल्ली गाण्यात माणसाचा आवाज यंत्रासारखा करतात. मला उलटं हवंय. वाद्य माणसासारखं बोललं पाहिजे."

कल्पना माझी नव्हती. वादक मंडळी ही गंमत कित्येक वर्षं करत आली आहेत. पण स्वतःच्या हाताने करून बघायला मिळणार म्हणून मी तीन दिवस जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. डबा त्यांनी व्यासपीठावर शोभेल म्हणून पितळी सुरईत बसवून मागितला होता; पुढे त्याचं काय करणार ते मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा नळी तोंडात धरून मी नुसते ओठ हलवले आणि हवेत "आई ये" उमटलं, तेव्हा मालकांच्या हातून चहाचा कप निसटला. मी लहान मुलीसारखी हसत सुटले. ते हसू मला आजही आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

त्या रविवारी सभागृहातून बाहेर पडताना मी आत्याला म्हणाले, "मंगळवारी दवाखान्याची तारीख आहे."

आत्या पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षं एकाच वर्गात. माझी आई नोकरीला जायची, म्हणून मी आत्याच्या मांडीवर वाढले, आणि अक्षरंही तिच्याकडेच गिरवली. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला चिठ्ठी दिली होती: दुर्बिणीने स्वरतंतू बघायचे, लागलं तर एक कण काढून तपासायचा. ती चिठ्ठी आत्याच्या पर्समध्ये घडी घालून पडली होती.

"मंगळवार काय पळून चाललाय?" आत्या म्हणाली. "आधी इथे बघू."

"तिथेही नुसतं बघणारच आहेत."

"तिथे बघतात आणि मग कापतात. इथे ओठ हलवले की भागतं." मग ती थांबली. मला वाटतं, तिला मनापासून विचारायचं होतं. "तू एवढी शिकलीस. तुझ्या डोळ्यांदेखत तो माणूस बोलला. यात काही लबाडी आहे का?"

मी म्हणाले, "सांगता येत नाही."

विज्ञान शिकलेल्या माणसाचं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य. पुरावा नसेल तिथे ते म्हणायचं असतं. मी ते पुरावा खिशात असताना म्हटलं. स्वतःला कारणंही दिली. ती बेबी किती खूष होती, तिचा आनंद का हिरावायचा? मालकांच्या दुकानाचं नाव का खराब करायचं? खरं कारण एवढंच होतं की लोकांनी विचारलं असतं, हे बनवलं कोणी?

मंगळवार गेला. मग त्याच्या पुढचा गेला.

चौथ्या रविवारी आत्याचा नंबर लागला. नळी तोंडात धरून ती बोलली आणि तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. स्वरदात्यांनी सांगितलं, एकवीस रविवारांत सुरईतला आवाज घशात उतरेल. मात्र एक पथ्य. "कठोर अक्षरं टाळा. विश्वाचा आवाज मृदू आहे. 'बाळा' म्हणा, 'ये' म्हणा, 'गोड' म्हणा. कडकड, खडखड, फटफट हे शब्द माणसाच्या अहंकारातून येतात." तोंडात धरायच्या शब्दांची एक छापील यादीच ते हातात देत.

दर रविवारी मी तिला सोडायला जायचे आणि रस्त्यात म्हणायचे, "आत्या, एकदा दाखवून तर घे." ती म्हणायची, "एकवीस होऊ देत." तिचा स्वतःचा आवाज दर आठवड्याला खाली खाली जात होता.

त्या पहिल्या रविवारपासूनचा बारावा रविवार उलटल्यावर, सोमवारी दुपारी, शाळा सुटल्यावर ती थेट माझ्या दुकानात आली. पिशवीतून वर्गातली पाटी काढून तिने माझ्या टेबलावर, तारांच्या भेंडोळ्यात ठेवली आणि लिहिलं: क ख ग घ.

"काल मी यादी बाजूला ठेवली," ती घोगरेपणाने म्हणाली. मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "नळीत ही चार अक्षरं म्हटली. चारही 'ग' आली. मग त थ द ध म्हटलं. चारही 'द'. कठोर व्यंजनं मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. त्यांना अहंकारी म्हणणारा हा कोण?"

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"पोरगं 'ख'चा 'ग' करतं तेव्हा मी काय करते?"

"घशावर बोट ठेवायला लावतेस."

"ठेव."

मी ठेवलं. "ग" म्हटलं, बोटाखाली घसा गुणगुणला. "ख" म्हटलं, आधी नुसती हवा फुटली आणि घसा मागून जागा झाला.

"म्हणजे 'ख' म्हणायला घशाला क्षणभर गप्प बसावं लागतं," आत्या म्हणाली. "या सुरईला गप्प बसताच येत नाही. तिच्यात काहीतरी सतत वाजत असतं. काय वाजतंय, शास्त्रज्ञबाई?"

मी सगळं सांगितलं. मखमली कोटापासून. माझं संपल्यावर तिने पाटीवर लिहिलं: कधीपासून माहीत?

"पहिल्या रविवारपासून."

तिने पाटीवर उभ्या रेघा मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बारा रेघा झाल्यावर त्यांच्याकडे बघत बसली. मग तळहाताने पाटी पुसली आणि उठली. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवारच होता. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघितलं, कण तपासायला पाठवला, आणि आठवड्याने आम्हाला समोर बसवलं. गाठ पसरली होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"बारा आठवड्यांपूर्वी आले असते तर?" आत्याने विचारलं.

"तेव्हा एका तंतूपुरती असती तर किरणोपचारांवर भागलं असतं. कदाचित. आता ठामपणे सांगता येत नाही."

त्यांचं 'सांगता येत नाही' खरं होतं.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी आत्या म्हणाली, "चल. पाना आणि पेचकस घे."

सभागृह नेहमीसारखं भरलेलं होतं. आत्या व्यासपीठावर चढताच स्वरदात्यांनी हात जोडले. "या बाई. अर्ध्या लोकांना यांनी अक्षरं शिकवली. आज यांना अक्षर कोण देतंय बघा." घुमता सूर सुरू झाला. आत्याने नळी दाढेपाशी धरली, श्वास रोखला आणि सावकाश ओठ हलवले.

माइकमधून आलं: "ए गोडं आए."

"ऐकलंत?" स्वरदाता गहिवरले. "बाई म्हणतात, हे गोड आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत्याने नळी खाली ठेवली. पिशवीतून पाटी काढून दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. पहिलीच्या मुलांसाठी काढावं तसं ठसठशीत अक्षर होतं. वाचायला तिनेच शिकवलेल्या लोकांनी ते वाचलं.

पाटीवर होतं: 'मी म्हणाले, हे खोटं आहे.'

टाळ्या पुढून मागे एकेका रांगेने थांबत गेल्या. स्वरदाता हसले, "बाई, आवाज सुधारतोय हळूहळू..." पण आत्या त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिने पाटी खाली घेतली आणि मला बोटाने बोलावलं, वर्गात फळ्यापाशी बोलवायची तसं.

माझ्या खुर्चीपासून व्यासपीठापर्यंत पंधरा पावलं होती. मी ती मोजली.

"कोण ही मुलगी? सुरईला हात लावू नका," स्वरदाता म्हणाले.

"मीच बनवली आहे," मी म्हणाले. माइक चालूच होता.

सुरईचं बूड चार पेचांचं होतं. ते उघडून मी नळीसकट आतला डबा बाहेर काढला. तो अजून घुमत होता, आणि त्याची तार स्टुलाच्या पोकळ पायातून पडद्यामागे गेली होती. डब्यावर दुकानाची चिठ्ठी होती: तारीख, 'चाचणी ठीक', खाली माझी सही. ती चिठ्ठी सोलून मी पहिल्या रांगेत फिरवायला दिली.

मग सांगितलं. यात भोंग्याचं युनिट आहे, लाउडस्पीकरमधला आवाज काढणारा भाग. पडद्यामागे कीबोर्डची पट्टी दाबली की ते घुमतं. डबा सगळीकडून बंद, म्हणून आवाज फक्त नळीतून निघतो आणि तुमच्या तोंडात जातो. घसासुद्धा एवढंच करतो, नुसतं घुमतो. त्या घुमण्याचे शब्द बनवतात ते जीभ, ओठ आणि टाळू. ते तुमच्याकडे कायम होते, कोणी परत दिले नाहीत. कीबोर्ड सतत वाजत राहतो, म्हणून 'ख'चा 'ग' होतो आणि 'ट'चा 'ड'. म्हणून यादीत कठोर अक्षरं नाहीत.

मागून एक बस कंडक्टर पुढे आला. "माझा घसा ठणठणीत आहे. मला चालेल का?" त्याने नळी धरली, श्वास रोखला, ओठ हलवले. "बुडे जला बुडे," माइक म्हणाला. लोक हसले. "मी 'पुढे चला पुढे' म्हणालो," कंडक्टर म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः गंभीर झाला. तोवर पडद्यामागचा सूर बंद पडला होता. वादक मागच्या दाराने गेला होता आणि स्वरदाता त्याला शोधायला.

पहारेकऱ्याची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मग बाबा मला हाक मारत होते ती?"

"ती त्यांचीच होती. शब्द त्यांचे, घुमणं यंत्राचं. असं यंत्र दवाखान्यात मिळतं, मुठीएवढं. गळ्याला लावायचं. रोज बोलता येईल, रविवारची वाट न बघता."

तिने वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं ना?"

सुरईला गप्प बसता येत नव्हतं. मला येत होतं.

आत्या आता बोलते, गळ्याला ते यंत्र लावून. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलंय, तोंडात थोडी हवा कोंडून ती जोरात फोडली तर कठोर अक्षरंही साधतात, पण सराव हवा. रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसते. ती एक शब्द म्हणते आणि मला जो ऐकू येईल तो मी पाटीवर लिहिते. इतर काही फारसं बोलत नाही आम्ही. तिने मला माफ केलंय का, ते मी विचारलेलं नाही.

अशा गोष्टींच्या शेवटी भोळ्या लोकांना उपदेश करतात. करायलाच हवा: चमत्कार दिसला तर बोट ठेवून बघा, विचारा, उघडून बघा, आणि दवाखान्याची तारीख चुकवू नका. पण आत्या भोळी नव्हती. तिने विचारलं होतं. सभागृहाबाहेर, माझ्या तोंडाकडे बघत, तिने नेमका प्रश्न विचारला होता. म्हणून मला दुसऱ्यांना सांगायचंय, ज्यांना आतली गोष्ट माहीत असते त्यांना. तुम्ही बनवलेलं असो, दुरुस्त केलेलं असो, की नुसतं पुस्तकात वाचलेलं. कोणी विचारलं तर त्याच दिवशी सांगा. लाज वाटली तरी त्याच दिवशी.

पहिल्या संध्याकाळी तिने म्हटलेला शब्द मी पाटीवर लिहिला: गोड. तिने मान हलवली आणि पुसला. दुसऱ्या संध्याकाळी तोच शब्द, तसाच पुसला. काल त्रेचाळिसावी संध्याकाळ होती. तिने गाल फुगवले, हवा फोडली, आणि मी लिहिलं: खोटं.

तिने बराच वेळ त्या अक्षरांकडे बघितलं. काल पाटी पुसली नाही.