रानरेड्याचं डोकं

आमच्या गावच्या सोंगांच्या खेळात मी बरीच वर्षं रानरेड्याचे मागचे पाय आहे. लाकडी मुंडकं, काठ्यांचा सांगाडा, वर कापड, आत दोन माणसं. पुढे त्येमोको, मागे मी. नायजर नदीकाठच्या झाडून सगळ्या गावांत नाचलो, पण मला दिसल्या त्या त्येमोकोच्या टाचाच. त्यांच्या भेगा मला पाठ आहेत.

मला एकदा तरी डोकं व्हायचं होतं. आणि अचानक त्येमोकोच्या पायात काटा मोडला.

तरुण मंडळाचा म्होरक्या मोलोबाली माझ्याकडे आला. त्याच्या-माझ्या आडनावांत पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टा: एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, रागवायचं नाही. "चवळीखाऊ म्हाताऱ्या, आज शाळेच्या अंगणात पोरांसाठी खेळ आहे. तू पुढे हो. जमलं तर सणाच्या मोठ्या खेळातही डोकं तुझं."

"तुझ्या आजालाही चवळी मीच चारली," मी म्हणालो. छाती मात्र भरून आली. घरी काही बोलता येईना. सोंगाच्या आत कोण आहे हे आमच्याकडे कुणी तोंडातून काढत नाही.

ढोल वाजला, बायकांनी गाणं उचललं, आम्ही निघालो. पुढच्या माणसाने कापडातल्या भोकातून बाहेर बघायचं असतं. मी सवयीने खाली बघितलं. टाचा नाहीत. माझा जीव कासावीस झाला. मान वळवून शोधतो तर माझ्या जागी मागे आलेल्या गड्याची पावलं दिसली. हायसं वाटलं आणि मी त्यांच्या मागे लागलो. तो बिचारा माझ्या टाचा बघत माझ्या मागे. रानरेडा स्वतःच्या शेपटीमागे गरगरा फिरू लागला. ढोलवाला चावट, त्याने ठेका वाढवला. शेवटी आम्ही घेरी येऊन बसलो ते थेट पहिल्या रांगेत, माझ्या नातीच्या मांडीशी. पोरं हसून लोळत होती.

"सणाला तू मागेच," मोलोबाली कापड घडी करत म्हणाला.

रात्री बाजरीचा घाटा आणि भेंडीचं कालवण समोर होतं. मी घाटा नुसताच चिवडत होतो. नात म्हणाली, "आजोबा, आज रानरेड्याला वेड लागलं होतं."

"असं का?"

"आम्ही सगळी पोरं मोलोबालीकाकाच्या दारात जाऊन बसलो. सणालाही तोच गरगरणारा हवा, दुसरा आला तर आम्ही ओळखू, म्हटलं."

"मग काका काय म्हणाला?"

"डोकं खाजवलं. म्हणाला, रानरेडा हो म्हणाला तर माझी ना नाही." तिने दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या शिआ-बियांच्या लोण्याची वाटी हळूच माझ्या गुडघ्याजवळ सरकवली. "तो काय म्हणेल, आजोबा?"

मी बोट लोण्यात बुडवलं. "मला काय ठाऊक? त्याचे गुडघे बरे असले तर येईल."