दुसरा पाय

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन झालं की पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून आपणही एकमेकांचे धुवायचे, ही रीत आजोबांच्याही आधीपासूनची. आम्ही जर्मन माणसं. युद्धात रशियन सरकारने आम्हाला मालगाड्यांत कोंबून या कझाक माळावर, कोळशाच्या खाणींपाशी आणून टाकलं, तेव्हा भांडीकुंडी मागे राहिली, पण रीत बरोबर आली. बाया एका खोलीत, पुरुष दुसऱ्या खोलीत. शेजारी जो बसला असेल त्याचे पाय तुम्ही धुवायचे, मग त्याने तुमचे. माणूस निवडायचा नाही. भांडण असलं तरी नाही.

सभेला सरकारची बंदी, म्हणून ती आमच्या घरी भरायची, पडदे ओढून, गुपचूप. माझा भाऊ आरोन क्लासेन मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. वहिनी गेल्यापासून त्याचं घर मीच सांभाळत होते. म्हणजे गल्लीतल्या नळावरून पाणी आणायचं, तापवायचं आणि किटली पुरुषांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन द्यायची. खाणीत राबणारे पाय ते. शनिवारी वाफेच्या न्हाणीत कितीही घासले तरी नखांत कोळसा राहायचाच. आरोन एकेकासमोर गुडघे टेकून ते धुवायचा. स्वतःचे मात्र कुणाला धुवू द्यायचा नाही.

"नको रे बाबांनो, माझी काय लायकी," म्हणायचा आणि पाय बाकाखाली ओढून घ्यायचा.

या वाक्यावर अख्खी मंडळी फिदा होती. कैद्यांच्या छावणीतल्या थंडीने त्याच्या पायांची बोटं गेली होती, तीही प्रभूच्या नावासाठी, आणि तरी माणूस किती नम्र! मी पडले बहीण. हा लहानपणी शेजाऱ्यांच्या झाडाचं साधं सफरचंद फुकट खायचा नाही, बदल्यात त्यांचं अंगण झाडून यायचा, हे मी पाहिलेलं. कुणाचे उपकार म्हणून घ्यायचे नाहीत. याला नम्रता म्हणतात होय? हे मी एकदा त्याच्या तोंडावर बोलले, तर कितीतरी दिवस तो माझ्या हातचं सूप मुकाट्याने गिळत होता.

त्याला छावणीत जावं लागलं ते इझाक पेनरच्या साक्षीमुळे. इझाक आमच्याच मंडळीतला. तुझी पोरं अनाथाश्रमात टाकू, अशी भीती पोलिसांनी घातली आणि तो मोडला. कोर्टात उभं राहून त्याने सांगितलं की हो, आरोन मुलांना बायबल शिकवतो. आरोन सुटून आला तेव्हा इझाकने सगळ्यांसमोर रडून माफी मागितली. पहिल्याच प्रभुभोजनाला आरोन त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याचे पाय धुतले. खोलीतले बाप्ये हुंदके देत होते. मग इझाक खाली वाकला, आरोनच्या बुटाला हात घातला, आणि आरोनने पाय मागे घेतला.

"नको, इझाक. मी माफ केलंय तुला. विषय संपला."

इझाक थोडा वेळ तसाच ओणवा राहिला. सगळ्यांना वाटलं, केवढं मोठं मन. मला उंबऱ्यातून इझाकचा चेहरा दिसत होता, आणि तो माफ झालेल्या माणसाचा नव्हता.

पुढे दर वेळी इझाक मुद्दाम त्याच्याच शेजारी जागा धरायचा. दर वेळी तेच व्हायचं.

मग खाणीच्या धुळीने इझाकची छाती गेली. हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं, आणि त्याची बायको यूस्टिना आमच्या दारात येऊन उभी राहिली. बाई फटकळ. गोड बोलणं तिला जन्मात जमलं नाही.

"आरोनभाऊ, त्याचं काही खरं नाही आता. एकच मागतोय. तुमचे पाय धुवायचेत म्हणतो. या आणि धुवून घ्या, म्हणजे सुटला बिचारा."

"येतो की," आरोन म्हणाला.

मीही सूप घेऊन बरोबर गेले. आरोनने प्रभुभोजनाची भाकर मोडली, प्याला दिला, प्रार्थना केली. यूस्टिनाने कोमट पाण्याचं घमेलं खाटेपाशी ठेवलं, इझाकला उशांना टेकवून बसवलं. त्याने बाह्या वर केल्या. हातांच्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या. आणि माझा भाऊ, काय बोलायचं याला, गुडघ्यांवर बसला आणि इझाकचेच पाय घमेल्यात घेतले.

"माझे नाही," इझाक धापा टाकत म्हणाला. "तुझे. तुझे दे."

"तू आजारी माणूस. तू माझी सेवा करायची? बरं दिसतं का ते?"

"माफ केलं म्हणतोस, आणि मला हात लावू देत नाहीस." इझाक रडायला लागला. "तू खाली बसतोस, आरोन, आणि तरी वरच असतोस."

आरोनने ते पाय पुसले, त्याच्या गालाचं चुंबन घेतलं आणि आम्ही निघालो. वाटेत माझा तोल गेला.

"दादा, दिला असतास एक पाय, तर झिजला असता का?"

"ट्रूडा, त्याला वाकवत नव्हतं."

"मग आम्ही घमेलं वर धरलं असतं! दोघी होतो की!"

कोळशाने काळ्या पडलेल्या बर्फातून तो झपाझप पुढे निघाला. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "उद्या जातो परत."

सकाळी यूस्टिनाचा निरोप आला. इझाक गेला होता.

जमीन इतकी गोठली होती की कबर खणण्याआधी वर निखारे पसरावे लागले. आरोन उपदेशाला उभा राहिला. प्रभूच्या कृपेवर त्याने इतकी वर्षं सांगितलेलं मला तोंडपाठ होतं. त्या दिवशी तो 'कृपा' या शब्दापाशी आला आणि थांबला. पुढे त्याला बोलताच येईना. शेवटी मंडळीतला म्हातारा वीबे पुढे झाला आणि त्याने प्रार्थना उरकली.

पुढचं प्रभुभोजन झालं. मी किटली घेऊन उंबऱ्यात उभी होते. आरोन बाकावर बसला, बूट काढले, पायांना गुंडाळलेली फडकी सोडली आणि पाय पुढे केले. मंडळीने ते पहिल्यांदाच पाहिले. बोटं नसलेले, ठिगळ लावल्यासारखे पाय.

शेजारी वीबे होता. तो पायांकडे बघत राहिला. "नको, आरोनभाऊ," तो म्हणाला. "माझी काय लायकी!"

आरोनने पलीकडच्याकडे पाहिलं. त्यानेही मान खाली घातली. "आमची कसली लायकी, भाऊ." त्याच्या पुढचाही तेच पुटपुटला. आरोनचंच वाक्य, त्यानेच शिकवलेलं.

"धुवा रे कुणीतरी," आरोन म्हणाला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कुणी हललं नाही. पुरुषांच्या खोलीत बाईने पाऊल टाकायची रीत नाही, आणि मला ती मोडायचा धीर झाला नाही. घमेल्यातलं पाणी गार होत होतं.

तेवढ्यात कुणीतरी मला बाजूला ढकललं. यूस्टिना. काळा रुमाल बांधलेली. तिने माझ्या हातातली किटली हिसकावली, सगळ्या पुरुषांमधून सरळ आत गेली, घमेल्यात गरम पाणी ओतलं आणि आरोनसमोर बसली. मग त्याचा पाय धरून, जळकं पातेलं घासावं तसा घासायला लागली.

आरोन लहान पोरासारखा रडत होता. "यूस्टिना, मी इझाकला..."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती मान वर न करता म्हणाली. "हे त्याचं आहे. मरताना सांगून गेला."

"पुरे गं बाई. हात जोडतो. नाही सहन होत."

"गप्प बसा," यूस्टिना म्हणाली. "दुसरा पाय द्या."

त्याने दिला.