वेलिच्कामावशीच्या नावाची बाटली

वेलिच्कामावशी प्लोव्दिवच्या आमच्या प्रयोगशाळेत काच धुते. शरदात तिच्या पोटातली कर्करोगाची गाठ काढली, तेव्हा तिनंच डॉक्टरांकडे एक तुकडा मागितला. मला म्हणाली, "घे कालिना, वाढव. घरचंच बियाणं आहे."

वाढवलं. बाटलीवर तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. रोज सकाळी उबेचं कपाट उघडून म्हणायची, "उठलात का गं, भवान्यांनो?"

त्या पेशींत एक प्रथिन होतं. आरएनएच्या धाग्याला असं बिलगायचं, की धागा तुटता तुटेना, पेशी मरता मरेना. एका जुन्या औषधानं ती मिठी सुटली, पेशी गळून पडल्या. मी नाचले.

"हळू, कार्टे! काच फुटली तर वेचायची मीच."

सोमवारी तिला तेच औषध सुरू होणार होतं. फक्त पेशी तिच्याच असल्याचा दाखला यायचा होता.

शुक्रवारी आला. पेशी तिच्या नव्हत्या. शेजारच्या बाटलीतल्या होत्या, केव्हाच वारलेल्या कुणा परक्या बाईच्या, प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवत आणलेल्या.

प्रत्येक बाटलीतल्या पेशींचा पोषकद्रव वेगळा ठेवायचा, हा आमचा पहिला नियम. मार्चमध्ये द्रव संपत आला, म्हणून मी दोघींच्या पेशींना एकाच बाटलीतला पाजला. एखादा थेंब इकडचा तिकडे गेला असणार. परक्या पेशी दांडग्या. त्यांनी सगळं खाल्लं.

मावशी टाकीपाशी होती. मी सांगितलं.

"माझ्या कधी मेल्या?"

"एप्रिलात असतील."

"म्हणजे इतके दिवस परक्या बाईला भवानी म्हणतेय मी!" ती हसली. मग हसू विरलं. "औषध तरीही घेतलं तर?"

"गुण येईल की नाही, मला माहीत नाही. अंगातली उरलीसुरली ताकद मात्र जाईल."

"नवा तुकडा काढून?"

मी आमच्याकडच्या रीतीनं मान वर झटकली. नाही. आता तिचं पोट पुन्हा उघडायला कुणी धजणार नव्हतं.

तिनं नळ बंद केला, हात पुसले. "लाव डॉक्टरांना फोन. माझ्यासमोर."

मी फोनवर माझी चूक सांगून सोमवारचं औषध थांबवायला सांगत असताना तिनं कपाटातून बाटली काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं स्वतःचं नाव पुसलं आणि बाटली हळूच परत उबेत ठेवली.

"वाढू दे बिचारीला," ती म्हणाली. "तिचं नाव मात्र शोधून लिही."